तळी, भातखाचरं, उसाची रानं: कोल्हापुरात पक्षी मोजायचे तर सगळीकडं मोजूया

पाणथळ_पायी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकतो, लांबण लागणार आहे, सवडीनं वाचा.

आपल्याकडं पक्षी बघायला जायचं म्हटलं की कळंबा, रंकाळा, राजाराम तलाव आणि सुट्टी मोठी असली तर राधानगरी. ग्रुपवर येणाऱ्या याद्या बघा, जवळपास सगळ्या ह्याच ठिकाणच्या. आणि यादी म्हणजे नुसती नावं. हळदीकुंकू बदक दिसलं, वारकरी दिसला, जांभळा बगळा दिसला, टिक टिक टिक. वारकरी किती होते ते कुणी लिहीत नाही. मग पाच वर्षांनी कुणी विचारलं की वारकरी वाढले का घटले, तर आपल्याकडं उत्तर नाही, कारण तेव्हाही "दिसला" होता आणि आताही "दिसला" आहे. पाचशेचे पन्नास झाले तरी यादीत तो दिसलाच असणार.

दुसरं म्हणजे रानं. कोल्हापूर जिल्ह्यात तळ्यांचं क्षेत्र ते कितीसं, बाकी सगळा ऊस, भात, सोयाबीन, भुईमूग. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं भाताची खाचरं, पूर्वेला हातकणंगले शिरोळकडं ऊसच ऊस. पक्षी तळ्यावर झोपायला आणि विसाव्याला येतात, पोट भरायला मात्र त्यातले कितीतरी रानात जातात. गाय बगळा घ्या, ढोकरी घ्या, शराटी घ्या, टिटवी घ्या. आपण त्यांना फक्त तळ्यावर मोजतो म्हणजे अर्ध्या दिवसाचाच हिशेब ठेवतो.

परवा पाणंदीनं चाललो होतो तर एका रानात ऊस तुटून गेलेला आणि ट्रॅक्टरची नांगरट सुरू. फाळामागं गाय बगळे अगदी हातभर अंतरावर, इंजिनच्या आवाजाचं त्यांना काहीही वाटत नाही. ढेकूळ उलटलं की आत हुमणीची अळी, पांढरी, अर्धगोल वळलेली. बगळा मान तिरकी करतो, उचलतो, चोचीत एकदा फिरवून नीट धरतो आणि गिळतो. त्याच्या मागं साळुंख्या, बारीकसारीक वेचणाऱ्या. त्यांच्याही मागं धोबी, शेपटी हलवत, ओल्या मातीतले किडे टिपत. आणि वर तारेवर कोतवाल, जमिनीवरचं काही उडालं की हवेतच धरणार. एका नांगरामागं चार थर. हुमणीनं उसाची मुळं खाल्ली की अख्खं बेट वाळतं हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. हे सगळं कुठल्या यादीत आलं? कुठल्याच नाही, कारण ते "स्पॉट" नाही.

तर माझं म्हणणं असं. प्रत्येकानं घराजवळची एक वाट ठरवायची, साधारण एक किलोमीटर. तीच वाट, महिन्यातून एकदा, सकाळी उजाडल्यावर, तेवढ्याच वेळात चालायची आणि दोन्ही बाजूचे पक्षी आकड्यासकट लिहायचे. काही वाटा तळ्याकाठच्या, काही उसातल्या, काही भातातल्या, काही नदीच्या मळीतल्या (काठची गाळाची रानं). ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो (५ ला मारुती चितमपल्लींची आणि १२ ला सालिम अलींची जयंती), तेव्हा सुरुवात करायला मुहूर्तही चांगला आहे. कोण कोण येतंय?

रंकाळा_सकाळ

कल्पना आवडली. मी रोज सकाळी रंकाळ्याला फिरायला जाते, वयोमानानं रानातनं चालणं होणार नाही पण तळ्याची एक बाजू मी घेते. फक्त एक विचारायचंय, आकडे लिहायचे म्हणजे थवा असला तर कसं मोजायचं? संध्याकाळी बगळ्यांच्या रांगा येतात तेव्हा डोळे फिरतात अगदी.

पाणथळ_पायी

@रंकाळा_सकाळ ताई, सोपं आहे. आधी दहा पक्षी मोजायचे, ते दहा थव्यात किती जागा घेतात ते नजरेत धरायचं आणि मग तसे किती तुकडे बसतात ते बघायचं. दहा, वीस, तीस. मोठा थवा असेल तर पन्नासचा तुकडा धरा. अंदाज शंभर टक्के बरोबर नसला तरी दर वेळी तुम्हीच मोजताय, त्याच पद्धतीनं मोजताय, त्यामुळं तुलना करता येते. नुसतं "भरपूर" लिहिण्यापेक्षा "साधारण १५०" केव्हाही चांगलं.

आकडेमोड

धागा एकदम गरजेचा. माझा पेशा आकड्यांचाच आहे म्हणून थोडी भर घालतो.

विविधता आणि संख्या ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्या एकच धरतात. समजा दोन तळी आहेत. दोन्हीवर १०० पक्षी, दोन्हीवर १० जाती. यादी बघितली तर दोन्ही सारखी. पण पहिल्या तळ्यावर प्रत्येक जातीचे १० पक्षी आहेत आणि दुसऱ्यावर एकाच जातीचे ९१ आणि बाकी नऊ जातींचा एक एक. आता शॅनन निर्देशांक काढला (प्रत्येक जातीचा एकूणातला वाटा घ्यायचा, त्याला त्याच्याच नैसर्गिक लॉगनं गुणायचं, सगळ्याची बेरीज करून चिन्ह बदलायचं) तर पहिल्याचा येतो २.३० आणि दुसऱ्याचा ०.५०. म्हणजे दुसऱ्या तळ्यावर कागदावर दहा जाती असल्या तरी प्रत्यक्षात ते दीड-दोन जातींचं तळं आहे. त्या नऊमधली एखादी जात पुढच्या वर्षी गेली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. आकडा लिहिल्याशिवाय हे काहीच कळत नाही, म्हणून @पाणथळ_पायी म्हणतायत ते शंभर टक्के बरोबर.

आता उसाची अडचण सांगतो. नोव्हेंबरात ऊस दहा-बारा फूट. त्यात आत काय आहे ते दिसणारच नाही. त्याच रानात एप्रिलमध्ये खोडवा (तोडणीनंतर परत फुटलेला ऊस) गुडघ्याएवढा असतो, तेव्हा सगळं दिसतं. मग एप्रिलमध्ये पक्षी "वाढले" असं वाटेल आणि ते खोटं असेल. म्हणून प्रत्येक वेळी पिकाची उंची लिहायची: गुडघा, कंबर, डोक्याच्या वर, तुटलेला. आणि दिसलेले वेगळे, नुसते ऐकू आलेले वेगळे. मोठ्या उसात राखी वटवट्या, भारद्वाज, मुनिया हे आवाजावरच मोजावे लागतात. वाटेच्या दोन्ही बाजूला ५० मीटरच्या आतले मोजा, त्यापलीकडचे आणि नुसते वरून उडत गेलेले वेगळ्या रकान्यात.

ई-बर्डवर (पक्ष्यांच्या याद्या टाकायची वेबसाइट) टाकत असाल तर "पूर्ण यादी" हा पर्याय निवडा, म्हणजे दिसलेलं सगळं लिहिलंय, आवडीचं तेवढंच नाही. आणि आकड्याच्या जागी नुसता एक्स टाकू नका.

नवखी

मी ह्यात एकदम नवीन आहे. पक्षी ओळखायचं मर्लिन ॲप डाऊनलोड केलंय. मला दहा-बारा पक्षीच ओळखता येतात, चालेल का? आणि एक पक्षी बघितला काल आमच्या गावाकडं (शिरोळ तालुका), फोटो चढेना म्हणून वर्णन लिहिते. पाणकणीस वाढलेलं पाण्याचं रान आहे, तिथं कडेला चिखलात उभा होता, लांब चोच, टोकाला किंचित खाली वळलेली, डोळ्याभोवती फिकट गोल आणि त्याचं मागं ओढल्यासारखं टोक, खांद्यावरनं मातकट पिवळा पट्टा. अंगावर ठिपके आणि नक्षी इतकी की हलला नसता तर दिसलाच नसता. बरोबर दोन अगदी बारकी पिल्लं. मला वाटलं आई आहे.

पाणथळ_पायी

@नवखी भारीच! वर्णन इतकं नीट आहे की फोटोची गरज नाही. रंगीत पाणलावा आहे तो. आणि ती आई नाही, बाप आहे. ह्या जातीत मादी जास्त रंगीत, गळा-छाती गडद तपकिरी लाल, डोळ्याभोवतीचं कडं पांढरं स्वच्छ. नर फिकट नक्षीचा, अंडी तोच उबवतो आणि पिल्लंही तोच सांभाळतो. मादी अंडी घालून दुसरा जोडीदार शोधायला जाते.

दहा-बारा येत असतील तर दहा-बाराच लिहा, बाकी "अनोळखी लहान पक्षी ४" असं लिहा. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा ते बरं. बाकी येईल हळूहळू.

एक विनंती, नेमकी जागा इथं लिहू नका. पिल्लं असताना फोटोसाठी गर्दी झाली तर बाप पिल्लं सोडून बाजूला होतो, तेवढ्यात घार किंवा कावळा काम करतो.

लेन्सवाला_कागल

फोटोग्राफर लोकांवर उगाच बोट नको साहेब. आम्हीपण लांबूनच काढतो, सगळे तसे नसतात. पण जागा न लिहिण्याला माझापण पाठिंबा. घरट्यावरचे फोटो मी टाकतच नाही.

शिरोळचा_शेतकरी

राम राम. @नवखी ताई, तुमी ज्या रानाचं सांगताय तसली रानं आमच्याकडं लई आहेत, क्षारपड. माझंबी दोन एकर त्यात आहे. पक्षी येत्यात हे खरं हाय, टिटव्या, शेकाट्या, जांभळ्या पाणकोंबड्या, सगळं. पण तुमी त्याला पाणथळ म्हणून कौतुक करताय आणि आमाला त्या रानात एक पेंडी निघत नाही. वडिलांच्या वेळला तिथं गहू, जोंधळा पिकत होता. पाणी आलं, ऊस आला, काळ्या रानात पाटानं पाणी सोडत ऱ्हायलो, निचरा न्हाई, खालचा क्षार वर आला, रान पांढरं पडलं आणि आता तिथं पाणकणीस. आता जमिनीखालनं भोकाचे पायप घालून निचरा करायचं काम गावागावात चाललंय, मीबी नाव दिलंय. ते झालं की तुमचा पाणलावा जाणार. मग आमी काय करायचं ते सांगा. मी भांडायला लिहीत नाही, मनापासून विचारतोय.

पाणथळ_पायी

@शिरोळचा_शेतकरी दादा, हा ह्या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद आहे. जमीन दुरुस्त करू नका असं मी कधीच म्हणणार नाही, दोन एकर म्हणजे घरादाराचा प्रश्न आहे. आणि ती रानं निसर्गानं पाणथळ नव्हतीच, पाण्याच्या अतिवापरानं झाली.

पण दोन गोष्टी करता येतात. निचऱ्याचे पाईप शेवटी कुठंतरी चरात नाहीतर ओढ्याला जाऊन मिळतात. त्या चराच्या तोंडाशी, जिथं तसंही काही पिकणार नाही, तिथं पाच-दहा गुंठ्यांचा पाणकणसाचा पट्टा ठेवला तर पाणलावा, पाणकोंबडी यांना तेवढं पुरतं. ह्या पक्ष्यांना मोठं तळं लागत नाही, आडोसा आणि उथळ चिखल लागतो. दुसरं, पाईप घालायच्या आधी तिथले पक्षी मोजून ठेवूया आणि नंतरही मोजूया. रान परत उसाखाली आल्यावर काय गेलं, काय नवीन आलं, हे आपल्या जिल्ह्यापुरतं तरी कळेल.

शिरोळचा_शेतकरी

चराच्या कडेचं जमण्यासारखं हाय. तिथं आमी न्हाईतरी काय करत न्हाई. मोजायचं असंल तर माझ्या रानापासनं सुरुवात करा, मी दाखवतो वाट.

आनि एक, मोरांचंबी बघा कायतरी. भुईमूग पेरला की उकरून खात्यात, पोपट आणि मुनिया जोंधळ्यावर. रात्रंदिवस राखण कोण करणार, म्हणून तर सगळे ऊस लावत्यात.

घाटमाथा

मी राधानगरीच्या बाजूचा, आमच्याकडं चित्र एकदम वेगळं आहे म्हणून लिहितो. जूनमध्ये पाऊस लागला की खाचरात पाणी भरतं, चिखल होतो, तरवा (भाताची रोपं) काढून लावण सुरू होते. त्या पंधरा-वीस दिवसांत खाचरात जेवढे पक्षी असतात तेवढे वर्षात कधी नसतात. ढोकरी तेव्हा वेगळीच दिसते, पाठ लालसर मरून आणि डोक्यावर लांब पांढरी पिसं, एरवी मातकट बसलेली असते ती उडाली की फक्त पंख पांढरे दिसतात. काळा शराटी, गाय बगळे केशरी डोक्याचे, आणि हल्ली उघड्या चोचीचा करकोचा. हा गोगलगायी खातो, चोचीच्या मधल्या फटीमुळं त्याला गुळगुळीत शंख धरता येतो आणि आतलं मांस तो बरोबर ओढून काढतो. आमच्या गावातली म्हातारी माणसं म्हणतात हा पक्षी पूर्वी इकडं नव्हता.

आणि ऑगस्ट-सप्टेंबरपासून ठिपकेवाल्या तुतारी यायला लागतात पार उत्तरेकडनं, त्या बांधाच्या कडेनं असतात. भात कापलं की रिकाम्या खाचरात लावे, चंडोल, होले.

म्हणून म्हणतो की महिन्यातनं एकदा मोजणं आमच्याकडं पुरणार नाही, लावणीच्या वेळी दर आठवड्याला मोजावं लागेल. तेव्हा शेतातल्या माणसाला वेळ नसतो ही गोष्ट वेगळी. शाळेतली पोरं घेता येतील.

आकडेमोड

@घाटमाथा मस्त माहिती. महिन्याची मोजणी सगळ्यांनी करायची आणि लावणीच्या काळात भातवाल्यांनी जादा, असं ठेवू. जादा मोजणीवर "जादा" लिहा म्हणजे सरासरी काढताना ती वेगळी धरता येईल.

रंकाळा_सकाळ

केंदाळाबद्दल (जलपर्णी) कुणी बोलत नाही. रंकाळ्यात आणि नदीत केंदाळ झालं की पेपरात रोज बातम्या, मग मशीन येते, सगळं साफ. मला स्वतःला तळं स्वच्छ दिसलेलं आवडतं, पण केंदाळावर मी कमळपक्षी बघितलेत लांब बोटांनी चालताना. काढावं का ठेवावं?

लेन्सवाला_कागल

काढलंच पाहिजे. पूर्ण तळं झाकलं की खाली ऑक्सिजन राहत नाही, मासे मरतात, मासे मेले की खंड्या आणि पाणकावळे कशाला येतील.

पाणथळ_पायी

दोघांचंही बरोबर. केंदाळ मुळात परदेशी, दक्षिण अमेरिकेतलं, आणि ते वाढतं कशावर तर आपल्याच सांडपाण्यावर. सांडपाणी चालू ठेवून नुसतं केंदाळ काढलं तर परत येणारच. पण काढताना काठचं पाणकणीस, लव्हाळा, कमळ हेही खरवडून काठ दगडी करून टाकतात ते जास्त वाईट. पक्ष्याला तळ्याचा मधला भाग फारसा लागत नाही. पाणकावळा, टिबुकली, वारकरी बुडी मारणारे, त्यांना खोल पाणी चालतं. हळदीकुंकू बदक पाण्यात डोकं घालून खातं, त्याला हात-दीड हात खोलीच हवी. शेकाट्याला पाय बुडेल एवढं, तुतारी-चिखल्यांना तर नुसती ओल. तळ्याचा काठ उतरता असेल तर ह्या सगळ्या खोल्या एका ठिकाणी मिळतात आणि पाणी जसं ओसरतं तसा हा पट्टा सरकत जातो. काठ सरळ भिंतीसारखा बांधला की हे सगळे थर एका झटक्यात जातात. गाळ काढा, जरूर काढा, पाणी साठलं पाहिजे, पण एक बाजू तरी उतरती आणि गवताळ सोडा. मला विचाराल तर कोल्हापुरातल्या तळ्यांसाठी एकच मागणी करायची झाली तर मी ही करीन.

कसबा_बावडा

कायद्याच्या अंगानं थोडं सांगतो, हे फार लोकांना माहीत नसतं. पाणथळ जागांचे केंद्राचे नियम आहेत २०१७ चे. त्यातल्या व्याख्येतच नदीचं पात्र, भातखाचरं आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळलेले आहेत. आता आपल्याकडं बघा: पंचगंगा नदी, ती वगळली. कळंबा पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला. पश्चिमेची खाचरं वगळली. म्हणजे आपण ज्या ज्या जागा बोलतोय त्यातल्या बहुतेक त्या नियमांच्या बाहेर. उलट रामसर करार (पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार, १९७१ चा, भारत १९८२ पासून त्यात आहे) भातखाचरांनाही पाणथळ मानतो. महाराष्ट्रात रामसर जागा तीन: नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी. आपल्याकडं एकही नाही.

म्हणून मोजणीला महत्त्व आहे. कायदा आपोआप संरक्षण देत नाही तिथं ग्रामपंचायतीला, पालिकेला दाखवायला आकडेच लागतात.

आणि माझी वाट मी आत्ताच सांगून टाकतो, राजाराम बंधाऱ्याच्या खालची बाजू. इथं पुराची पातळी मोजतात (३९ फूट इशारा, ४३ फूट धोका) ते सगळ्यांना ठाऊक आहेच. पावसाळा संपल्यावर बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वरच्या बाजूला पाणी तुंबतं आणि खाली दगड उघडे पडतात, त्या दगडांवर आणि उथळ पाण्यात सकाळी बगळे, पाणकावळे, धोबी, कवड्या खंड्या. हा कवड्या खंड्या एका जागी हवेत पंख मारत थांबतो, चोच खाली, आणि सरळ रेषेत पाण्यात. कितीही वेळा बघितलं तरी मन भरत नाही.

घाटमाथा

पुराचा विषय निघाला म्हणून. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा काठावरचा ऊस कित्येक दिवस पाण्याखाली होता, कुजला. पूर ओसरल्यावर त्या रानात बगळे आणि करकोचे किती उतरले होते ते ज्यांनी बघितलं त्यांना आठवत असेल. कुणी मोजलं होतं का?

पाणथळ_पायी

माझ्या माहितीत ह्या ग्रुपमधलं कुणी नाही, तेव्हा माणसं वाचवायची गडबड होती आणि ते बरोबरच होतं. पण ठरलेली वाट असेल तर पुराच्या आधीचे आकडे असतात आणि नंतरचेही होतात.

गुऱ्हाळवाट

उशिरा वाचला धागा. आमचा ऊस आणि गुऱ्हाळ, म्हणून उसाची बाजू मांडतो. उसात पक्षी नाहीत असं कुणी समजू नये. हिवाळ्यात संध्याकाळी मोठ्या उसात झोपायला येणारे धोबी, मुनिया, भिंगऱ्या, भोरड्या, आवाज इतका की फडाजवळ उभं राहून बोलता येत नाही. सुगरणीचे नर उसाच्याच पानाच्या चिरफळ्या काढून खोपे विणतात, विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लटकवतात, पानाच्या कडेला चोचीनं खाच पाडतो, मग उडताना ती पट्टी लांबच्या लांब सोलून नेतो. उसात उंदीर आहेत म्हणून घुबडं आहेत.

पण उसापेक्षा बांध महत्त्वाचा, हे माझं ठाम मत. आमच्या आजोबांच्या वेळी बांधावर बाभळ, उंबर, आंबा, लिंब. नीलपंख तिथं बसायचा, खाटीक, कोतवाल, वेडा राघू तिथंच. ट्रॅक्टर वळवायला अडचण आणि सावलीनं ऊस कमी येतो म्हणून झाडं गेली, बांधही निम्मा झाला. आता नीलपंख विजेच्या तारेवर दिसला तर दिसला. आमच्या शिवारात एका बाजूला अजून जुना बांध आहे झाडांसकट, तिथं आणि त्याच्या शेजारच्या मोकळ्या रानात फरक डोळ्याला दिसतो.

आकडेमोड

@गुऱ्हाळवाट मग तुमची वाट दोन भागात करा ना! अर्धा किलोमीटर झाडांचा बांध, अर्धा किलोमीटर उघडा बांध, पीक दोन्हीकडं तेच. फरक आला तर तो बांधाचाच असण्याची शक्यता जास्त. अशी जोडी मिळणं फार अवघड असतं.

नीलपंखाबद्दल, २०२३ च्या स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स अहवालात त्याचा धोक्याचा दर्जा नव्यानं तपासावा अशी शिफारस आहे, इतका तो घटलाय. त्या अहवालात ९४२ जाती बघितल्या, ज्यांचा जुना कल काढता आला त्या ३३८, त्यातल्या साधारण ६० टक्के घटलेल्या. माळरानावरच्या आणि उघड्या जागेतल्या पक्ष्यांची अवस्था जास्त वाईट. आणि मोर वाढलेत, हे शिरोळच्या दादांना पटेल. हा सगळा हिशेब सामान्य लोकांनी टाकलेल्या याद्यांवरच झालाय, आपल्यासारख्यांच्या.

गुऱ्हाळवाट

जमेल. दोन्ही भाग वेगळे लिहितो. पाचट (उसाचा वाळला पाला) पेटवल्याचं पण लिहू का? आमी पेटवत नाही, सरीत आच्छादन करतो, पण शेजारी पेटवतात. पेटवलं की घारी आणि कोतवाल धुराच्या कडेला नाकतोडे धरायला येतात, त्या दिवशी मोजलं तर पक्षी "भरपूर" दिसतील आणि टिटवीची, लाव्याची जमिनीवरची अंडी मात्र जळालेली असतील.

आकडेमोड

हो हो, नक्की लिहा. जाळलेलं, नांगरट चालू, पाणी पाजलेलं, औषध मारलेलं, ह्या चार गोष्टींसाठी रकाना ठेवूया.

शिरोळचा_शेतकरी

औषधाचं बरं काढलं. हुमणीला पूर्वी फोरेट टाकायचे, त्याच्यावर आता बंदी हाय (३१ डिसेंबर २०२० पासनं). तवा टाकल्यावर दुसऱ्या दिवशी रानात मेलेल्या साळुंख्या मी डोळ्यानं बघितल्यात. वळवाचा पाऊस पडला की हुमणीचे भुंगे लिंबावर, बाभळीवर येत्यात, त्या वेळंला प्रकाश सापळा लावला आणि सोयाबीनमधी टी आकाराचे पक्षीथांबे ठोकले तर खर्च कमी होतो. थांब्यावर कोतवाल लगेच बसतो.

नवखी

मी वाचतेय सगळं, वही केली आहे. माझी वाट दादांच्याच गावाजवळची ठेवू का? म्हणजे पाईप घालायच्या आधी मोजता येईल.

पाणथळ_पायी

ठेवाच. तर आतापर्यंत रंकाळ्याची एक बाजू, राजाराम बंधारा, शिरोळची क्षारपड, गुऱ्हाळाचा दुहेरी बांध, राधानगरीची खाचरं आणि कळंब्याचा उतरता काठ मी घेतो. @लेन्सवाला_कागल तुम्ही दूधगंगेकाठची मळी घेणार का? पन्हाळ्याच्या बाजूचं कुणीच नाही अजून. महिन्याचा पहिला रविवार, उजाडल्यापासून तासाभराच्या आत चालायला सुरुवात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तेव्हा तळ्यावरचे आकडे तिकडंही पाठवू.

लेन्सवाला_कागल

घेतो. कॅमेरा घरी ठेवून नुसती दुर्बीण आणतो त्या दिवशी, नाहीतर मोजणं राहून जातं.

शिरोळचा_शेतकरी

पहिल्या रविवारी ज्यांना माझ्याकडं यायचंय त्यांनी गाडी पाणंदीत घालू नका, उसाच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पडल्यात आणि चिखल हाय, रुतली की जेसीबी बोलवाय लागतोय. गावच्या देवळापाशी लावा, तिथनं चालत दहा मिनिटं. गमबूट आणा. साडेसहाला मी देवळापाशी हाय, च्या घरी आल्यावर.